इमानाच्या नाकावरचं कुंकू

शिंदखेड्याकडच्या खेड्यांत विमानाला इमान म्हणतात. त्यामुळे तोताराम झुलाल पाटील सुट्टीवर गावी आला, की एस.टी.च्या फाट्यापासूनच आरोळी उठायची, "इमानवाला उना! इमानवाला उना!" शाळेतले गुरुजी दर वेळी तीच थट्टा करायचे. "अरे, विमान वेगळं आणि इमान वेगळं! एकात बसतात, दुसरं पाळतात." तोतारामही दर वेळी नव्याने ऐकल्यासारखा हसायचा.

कोरडवाहू शेतकऱ्याचा हा पोरगा विमानात चढला कसा, तेही मजेशीरच. धुळ्याला मॅट्रिक झाला आणि मामाच्या मागे लागून मुंबईला गेला. तिथे जुनाट डाकोटा विमानं बाळगून असलेली एक खाजगी कंपनी होती. कधी माल न्यायचा, कधी माणसं, जे मिळेल ते. तोताराम आधी तिथे हमाल म्हणून लागला. दिसायला नीटनेटका, बोलायला गोड, आणि अंगावर कोणी खेकसलं तरी कपाळावर आठी नाही. कंपनीला आयता माणूस मिळाला. दोन-चार वर्षांत त्याला पांढरा कोट देऊन स्टुअर्ड केलं. पट्टे बांधा म्हणायचं, चहा-सरबत द्यायचं, ओकणाऱ्याला पिशवी द्यायची, आणि वेळ आलीच तर माणसांना दाराबाहेर काढायचं, हे त्याचं काम.

त्याच्या आईला, ताईबाईला, यातलं काही समजावून उपयोग नव्हता. कपाशीत निंदताना डोक्यावरून कुठलंही विमान गेलं, की ती कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहायची आणि बायांना सांगायची, "मना तोताराम चालना देखा." पोरगा चहा देतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण इमान चालवणारा आणि इमानात चहा देणारा, यांत तिला काही फरक वाटत नव्हता. झुलाल, तिचा नवरा, कधी चिडून म्हणायचा, "अवं, ते त्यानं नई शे!" तर ती म्हणायची, "तुम्हले काय समजस?"

चौऱ्याहत्तर साल असेल. जळगावला नवी धावपट्टी झाली होती. तिथले एक मोठे सराफ, इंदरचंद शेट, यांच्या मुलाचं, सुरेशचंदचं, लग्न जोधपूरला ठरलं. जळगावातून वरात विमानाने न्यायची असं शेटजींच्या मनाने घेतलं. पैसा होता, हौस होती, आणि दुसऱ्या सराफाच्या नाकावर टिच्चून दाखवायचंही होतं. त्यांनी तोतारामच्याच कंपनीचं डाकोटा ठरवलं. तोतारामला कळलं तेव्हा त्याच्या मनात गुदगुल्या झाल्या. आपलं विमान आपल्या खानदेशात उतरणार! त्याने निरोप धाडला, की मायला जळगावला घेऊन या, एकदा डोळ्यांनी बघू दे. इथेच चुकलं बिचाऱ्याचं. पण आईला आपली भाकरी कुठे भाजते ते दाखवावंसं वाटणं हा काय गुन्हा आहे?

वरात बँड वाजवत धावपट्टीवर आली. सगळ्यांना लाटांच्या नक्षीचे लहरिया साफे, बायका दागिन्यांनी वाकलेल्या, नवरदेवाच्या कमरेला तलवार. कॅप्टन बाली हा उंचापुरा, काळ्या चष्म्याचा माणूस. शेटजींनी त्याला स्वतःच्या हाताने साफा बांधला, कपाळाला टिळा लावला. कॅप्टन खूश. चाकापाशी नारळ फुटला, तेव्हा त्यानेही हात जोडले. त्याच्याबरोबरचा सोहोनी नावाचा तरुण पायलट आपला मराठीच, तोही खोबरं चघळत उभा होता.

ताईबाई नवं लुगडं नेसून, हातात पितळी ताट घेऊन आली होती. तिने विमानाला एक पूर्ण फेरी मारली. "ऊं मायवं, केवढं शे!" मग तिने विचारलं, "यानं तोंड कोणतं?"

तोतारामने पुढचा भाग दाखवला. "आनि नाक?" तिने विचारलं.

विमानाच्या तोंडाखाली पुढे निघालेल्या दोन बारीक नळ्या होत्या. वारा त्या नळ्यांत शिरतो आणि त्यावरून आतल्या घड्याळांचे काटे विमानाचा वेग दाखवतात. उभ्या विमानात त्यांवर मेकॅनिक लाल टोप्या घालून ठेवायचा, उडायच्या आधी काढायचा; आज त्या नुकत्याच काढल्या होत्या. तोताराम आज फार आनंदात होता. तो म्हणाला, "ह्या देख माय, ह्या त्यान्या नाकपुड्या. इथून वारा घेस तो."

झालं! नाकपुड्या आहेत म्हणजे जीव आहे, आणि जीव आहे म्हणजे प्रवासाला निघताना कुंकू नको? तोतारामनेच मेकॅनिकचं स्टूल आणून दिलं. ताईबाई वर चढली. ओल्या हळदीकुंकवात तांदूळ कालवले होते. तिने अंगठ्याने त्याचा गोळा एका नळीच्या तोंडाला दाबला, मग दुसऱ्या नळीच्या. प्रवासाला निघालेल्या लेकाच्या कपाळाला दाबावा तसा, गच्च.

मेकॅनिकच्या तोंडून ऐकलं होतं त्यापलीकडे त्याला नळ्यांचं ज्ञान नव्हतं, पण जिला टोपी घालून जपतात तिच्यात तांदूळ जाऊ नयेत, एवढी अक्कल होती. त्याने खिशातून रुमाल काढला आणि हात वर केला.

"अरे, क्या करता है! कुंकू पुसतो?" नवरदेवाची आजी, झमकूबाई, एवढ्या मोठ्याने ओरडली की बँड थांबला. "लग्नाच्या घडीला कुंकू पुसतो? पोराची वरात आहे!"

सगळ्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. ताईबाईचा चेहरा तर पाहवत नव्हता. सवाष्णीने लावलेलं कुंकू, आणि पुसणारा पोटचा पोरगा. तोतारामने ओशाळून कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन बाली हसला, म्हणाला, "रहने दो यार! गुड लक है." आणि सिगारेट पेटवायला लांब गेला.

कॅप्टन म्हणतोय म्हटल्यावर तोतारामने रुमाल खिशात टाकला. मनात म्हणाला, या बायका आत बसल्या की हळूच येऊन पुसू. पण मग ट्रंका आल्या, मिठाईच्या करंड्या आल्या, कोणाला खिडकी हवी, कोणाला जावयाशेजारी नको. मेकॅनिक मागच्या दाराशी सामान चढवत होता. तोताराम विसरला नव्हता, पण मोकळा होईपर्यंत पंखे फिरायला लागले, आणि फिरत्या पंख्यांपुढे कोण जाणार?

विमान धावलं, उठलं. बायकांनी गाणं धरलं होतं, ते जमीन सुटताच बंद पडलं. तोताराम मागे आपल्या छोट्या खुर्चीवर पट्टा बांधून बसला होता. तेवढ्यात इंजिनांचा आवाज एकदम वाढला आणि विमानाचं नाक खाली गेलं. अजून धड वर चढलंच नव्हतं. खिडकीतून केळीच्या बागा दिसत होत्या, आणि त्या खाली जायच्या ऐवजी मोठ्या होत होत्या.

तो पट्टा सोडून खुर्च्यांना धरत धरत पुढे धावला. कॉकपिटचं दार उघडं होतं. सोहोनी ओरडत होता, "सर, स्पीड नाहीये! माझाही काटा पडलाय!" कॅप्टनच्या मानेवरून घाम निथळत होता. दोन्ही काटे एकच सांगत होते, की विमान भलतंच हळू आहे. हळू झालेलं विमान दगडासारखं पडतं. म्हणून कॅप्टन वेग मिळवायला नाक खाली दाबत होता. एक काटा बिघडेल, दोन एकदम कसे बिघडतील, असं तो धरून चालला होता. त्याचंही चूक नव्हतं. आणि खाली जमीन जवळ येत होती.

तोतारामला कळायला क्षणही लागला नाही. वेग आहे, काटे खोटे आहेत. धावताना वाऱ्याने गोळे आत ढकललेत, नाकपुड्या बंद आहेत.

अशा वेळी माणसाला विचार करायला सवड नसते म्हणतात. खोटं आहे ते. तोतारामला तेवढ्यात सगळं दिसलं. सांगितलं तर हा पांढरा कोट गेला, गावातली आरोळी गेली, प्रमिलाबाईला, त्याच्या बायकोला, मुंबईला आणायचं राहिलं ते राहिलंच. नाही सांगितलं तर मागे अख्खी वरात बसली आहे. तो वाकून कॅप्टनच्या कानाशी ओरडला, "सर, काटे खोटे आहेत! खालच्या नळ्यांत कुंकू गेलंय. माझ्या आईने लावलं ते. स्पीड आहे, सर, नाक वर घ्या!"

कॅप्टनने मान वळवली. त्याच्या कपाळावर शेटजींचा टिळा तसाच होता. त्याने एक घाणेरडी शिवी हासडली, ती तोतारामला की त्याच्या आईला हे तोतारामने कधी मनावर घेतलं नाही. पण दांड्यावरचे हात मात्र त्याने हळूहळू मागे ओढले. विमान सावरलं, वर चढलं. काटे तिथेच मेल्यासारखे पडून होते.

"परत उतरतोय," कॅप्टन म्हणाला. "अंदाजाने उतरवणार. जोरात आपटेल. जा, माणसं तयार कर."

आता इथे मात्र तोतारामला बघायला हवं होतं. आवाज चढवला नाही, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "शेटजी, छोटीशी अडचण आहे, परत जळगावला उतरतोय. पट्टे घट्ट करा." नवरदेवाची तलवार काढून घेऊन मागच्या कपाटात टाकली. काचेच्या बाटल्या गोळा केल्या. बायकांच्या नाकातल्या नथी काढून पदरात बांधायला लावल्या. पुरुषांना साफे सोडायला लावले. वारच्या वार ते कापड गुंडाळून म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या कपाळापुढे दिला आणि सांगितलं, डोकं यात घालून गुडघ्यांवर वाका. शेटजींसारखा माणूस गयावया करत विचारू लागला, "वाचू ना रे, बेटा?" झमकूबाई जैनांचा नवकार मंत्र पुटपुटत होती. तोतारामने तिचं डोकं हाताने खाली दाबलं आणि कानात सांगितलं, "आजी, मोठ्याने म्हणा. सगळ्यांना म्हणू द्या." मग अख्खं विमान नवकार म्हणायला लागलं आणि रडारड थांबली.

विमान आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं. एक टायर फुटला, धावपट्टी संपली, आणि पुढच्या मातीत फरफटत जाऊन ते उभं राहिलं. तोतारामने दार उघडलं आणि एकेकाला दंडाला धरून खाली उतरवलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. झमकूबाईने तर मातीत उभं राहून त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

कॅप्टन बाली सगळ्यात आधी विमानाच्या नाकापाशी गेला होता. खिशातून रुमाल काढून त्याने दोन्ही नळ्या घासून पुसल्या. मग त्याच रुमालाने आपलं कपाळ पुसलं. या वेळी मात्र कुंकू पुसतोस काय म्हणून कोणी ओरडलं नाही.

ताईबाई तारेच्या कुंपणाबाहेरून धावत आली. लोक म्हणत होते, वाचलो, देवाने वाचवलं. तिने ऐकलं आणि ती तिथेच सगळ्यांना सांगू लागली, "मी कुकू लावं व्हतं! मी कुकू लावं म्हनीसन इमान वाचनं!" वरातीतल्या बायका तिच्या पाया पडल्या. तोताराम जवळ उभा होता. तो वळला आणि ट्रंका खाली उतरवायला लागला.

पुढे मुंबईच्या ऑफिसात चौकशी झाली. कॅप्टन बाली म्हणाला, की मी कॉकपिटमध्ये होतो, बाहेर काय चाललंय मला माहीत नव्हतं. स्टुअर्डने परवानगी न घेता आपल्या आईला विमानापाशी आणलं. तोताराम म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात, राहू दे. तुमच्या कपाळाला टिळा होता." कॅप्टन मॅनेजरकडे बघून नुसता हसला. सोहोनीला विचारलं, तर तो बुटांकडे बघत म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं." लक्ष नव्हतं! खोबरं खाताना होतं लक्ष.

मॅनेजर तोतारामला म्हणाला, "हवेत असताना तूच सांगितलंस ना, नळ्यांत कुंकू आहे म्हणून?"

"हो सर."

"मग तुला माहीत होतं. माहीत असून तू उडू दिलंस."

ज्या वाक्याने सगळ्यांचे जीव वाचले, त्याच वाक्याने त्याचा गळा धरला. तो गप्प बसला असता आणि विमान कसंबसं उतरलं असतं, तर नळ्या पुसून झाल्यावर कोणाला काही कळलंही नसतं. पांढरा कोट त्याच दिवशी काढून घेतला.

तो जळगावला शेटजींच्या पेढीवर गेला. म्हणाला, "तुम्ही सगळे तिथे होतात. कॅप्टन काय बोलला ते एकदा ऑफिसात सांगा, एवढंच." शेटजींनी जवळ बसवलं, चहा पाजला, पेढे पुढे केले. मग म्हणाले, "अरे तोताराम, ओरडली ती आमची आई. तिचं नाव कचेरीत नेऊ? लोक काय म्हणतील, शेटजींच्या घरच्या बाईने विमान पाडलं असतं? तू समजदार आहेस." आणि वर म्हणाले, "धुळ्याला आपल्या व्याह्यांची डाळमिल आहे. सांगू का तिथे?" तोताराम पेढा तसाच ठेवून उठला. पुढे सहा-आठ महिने कुठे काही मिळालं नाही, तेव्हा गेला मुकाट्याने त्याच डाळमिलवर. पोट काय मान बघतं?

पण खरा मार बसला तो घरी.

तोवर ताईबाईचं नाव पंचक्रोशीत झालं होतं. कोणी मोटारसायकल घेतली, कोणी ट्रॅक्टर आणला, की ताईबाईला बोलावणं यायचं. तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे. इमान वाचवलं त्या बाईने! त्या कौतुकात तोताराम पेटी घेऊन दारात उभा राहिला.

"सुट्टी शे का?" तिने विचारलं.

"नोकरी सोडी दिनी, माय."

"कसाले?"

प्रमिलाबाईला त्याने आधीच पत्रातून सगळं सांगितलं होतं. ती चुलीपुढून बघत होती. आईला एकदा सांगितलं असतं, की माय, तुझ्या कुंकवाने विमान वाचलं नाही, उलट पडत होतं, आणि माझी भाकरीही त्याच कुंकवाने गेली, तर प्रश्न मिटला असता. पण तिच्या अंगावरचं नवं तेज त्याने पाहिलं. हे सांगितलं तर ही बाई पुन्हा कोणाच्या कपाळाला हात लावणार नाही, हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, "भेव वाटना. आते इमानमां बसानी हिंमत नई व्हस."

ताईबाईला राग आला, आणि तो राग काही उतरला नाही. मी कुंकू लावून याला वाचवला आणि हा भ्यायला! विहिरीवर, बाजारात, लग्नात, जिथे जाईल तिथे ती स्वतःच सांगायची, दुसऱ्याने सांगायच्या आत. पोरं आता "भित्रा इमानवाला" म्हणायला लागली. गुरुजींनी थट्टा सोडून दिली, ते तर जास्तच झोंबलं.

काही वर्षांनी झुलाल वारला, त्यानंतर वाटणीचा विषय निघाला. धाकटा वना शेती बघत होता. विहिरीकडचा तुकडा तेवढा पाण्याचा, बाकी सगळं मुरमाड. गावातले वडीलधारे रुपचंद आबा आणि दोघे-तिघे जण ओसरीवर बसले. ताईबाईने सरळ सांगून टाकलं, "हिरजोडेनं वावर वनाले. तोतारामना हातमां काही टिकस नई. सोन्यासारखी नोकरी भेवानी सोडी उना तो."

आबांनी तोतारामकडे पाहिलं. "तुनं काय म्हननं शे?"

तेवढ्यात प्रमिलाबाई पदर सावरत दारात आली. मोठ्या माणसांपुढे ती कधी यायची नाही. "सांगा ना. आज तरी सांगा त्यांना. पोराबाळांचं वावर जातंय. तुमचं तोंड शिवलंय का?"

"काय सांगानं शे?" ताईबाई म्हणाली. तिचे केस पिकले होते, गालफडं बसली होती, पण मान अजून तशीच ताठ होती. "बोल ना रे! काय सांगानं शे?"

तोतारामने आईकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"काही नई," तो म्हणाला. "मी भ्याई गयथू."

"आयकं?" ताईबाई पंचांकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, लाजेचं. "सोताना तोंडे सांगस. मना पोटे असा भेकड कसा उना, देवले माहीत."

प्रमिलाबाई आत निघून गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. वना खाली मान घालून बसला होता. रुपचंद आबांनी पुन्हा एकदा विचारलं, तोताराम, नीट विचार करून सांग, मागून भांडण नको.

"माय खरं सांगस, आबा," तो म्हणाला. "वनालेच द्या."